जपानी भुताची रोवणी

जपानी भुताचा सिनेमा पाहून आमच्या आंधळगावात आजवर एकच माणूस घाबरला आहे, आणि सिनेमा दाखवणाराही तोच होता.

गावात मी सिनेमाचा जाणकार समजला जातो. (समजणारा मुख्यतः मीच.) बसस्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोनची काच बदलता बदलता मी गिऱ्हाइकाला कोणता सिनेमा पाहावा आणि कोणता पाहू नये हे फुकटात सांगतो, आणि गिऱ्हाईक काच बसेपर्यंत ऐकून घेतं, कारण फोन माझ्या हातात असतो. शिवाय गावाच्या ग्रुपवर मी माझी मतं लिहितो. माझ्या मताखाली लोक अंगठा दाखवतात, आणि त्याच्याच खाली कोणीतरी 'गाय हरवली आहे' असं टाकतं.

तर असा एक सिनेमा आला. नाव जपानी होतं, ते मला वाचता आलं नाही. हिंदीवाल्यांनी त्याचं 'कीचड की रानी, पार्ट टू' असं बारसं केलं होतं. मी आधी लोकांची मतं वाचली. एकानं लिहिलं होतं, 'पाहिल्यापासून घरात दिवा विझवलेला नाही.' दुसरा म्हणत होता, 'पहिला भाग याच्यापुढे बालवाडी. हा पाहताना आमच्या कुत्र्यानं जेवण सोडलं.' झालं! असा सिनेमा मी पाहिला नाही तर गावाला मत कोण देणार?

अडचण एकच होती. भुताचा सिनेमा मला एकट्यानं पाहवत नाही. (जाणकारालाही मर्यादा असतात.) म्हणून मी बायकोला, ज्योत्स्नाला, विचारलं.

"अवो, तुमाले काही सुचते का?" ती म्हणाली. "तिकडे पऱ्हे जून होऊन राहिले, रोवणीले बाया भेटून नाही राहिल्या, अन् तुमाले भूत पाहाचं आहे!"

तिचं खरं होतं. आमच्याकडे धानाची रोपं आधी एका तुकड्यात वाढवतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. ते वेळेवर उपटून चिखलात लावायचे, ती रोवणी. वेळ टळली की पऱ्हे जून होतात, मग तुम्ही त्यांची आरती केली तरी लोंबी भरत नाही. आमच्या वरच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, रोवून झाल्या होत्या. तळ्याखालची मोठी बांधी तेवढी राहिली होती. आणि गावातल्या रोवणीच्या बाया म्हणजे त्या दिवसांत मंत्र्यापेक्षा दुर्मीळ! माझी माय रोज सकाळी शेवंतामावशीच्या दारात जाऊन बसत होती. शेवंतामावशी ही बायांच्या टोळीची मुख्य. ती हो म्हणाली की टोळी येते, ती नाही म्हणाली की कोणाचा बापही आणू शकत नाही. माय घरी यायची आणि उठता बसता एकच वाक्य म्हणायची, "बांधी बाकी आहे." जेवताना बांधी बाकी आहे. टीव्हीवर बातम्या लागल्या, बांधी बाकी आहे. झोपेतसुद्धा ती हेच पुटपुटते असं ज्योत्स्नाचं म्हणणं होतं.

शेवटी शेवंतामावशी पाघळली. जिवतीच्या दिवशी, म्हणजे अमावस्येला, बायांना सुट्टी होती. "दुपारी सगळ्या बाया घेऊन येतो, बसून मजुरीची बोली करू, दुसऱ्या दिवसापासून बांधीत उतरू," असं तिनं कबूल केलं. मायचा चेहरा उजळला. माझाही उजळला. अमावस्या, सुट्टी, आणि घरात एवढी माणसं! याहून चांगला मुहूर्त भुतालाही मिळाला नसता. मी खिडकीला गोधडी लावली, दार ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीत सिनेमा लावून ठेवला.

बाया आल्या. "हे का अंधार करून ठेवला गा, मनोज?" शेवंतामावशीनं विचारलं. "कोणी आजारी आहे का?"

"सिनेमा आहे मावशी. जपानचा. भुताचा."

"बसा वं सगळ्या," माय घाईनं म्हणाली. "चहा होईपर्यंत पाहा. मंग बोलू." मायचा हेतू साफ होता. पाहुण्या खूश राहिल्या पाहिजेत, मग भूत दाखवा नाहीतर कीर्तन.

सिनेमा सुरू झाला. डोंगर, पाऊस, एक तळं, आणि तळ्याखाली पाण्यानं भरलेल्या बांध्याच बांध्या.

"हे जपान होय?" टोळीतली कुंदा म्हणाली. "मले तं अड्याळकडचं वाटून राहिलं."

"तिथी बी धानच होते का बाप्पा?" शेवंतामावशी पुढे सरकली. "जात कोणती असन?"

"भुताची?"

"धानाची!"

मी म्हणालो, मावशी, गोष्टीकडे लक्ष द्या. तेवढ्यात पडद्यावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "वो वापस आ गई है…" आणि इथे सगळा घोटाळा सुरू झाला. कारण शेवंतामावशीनं रास्त प्रश्न विचारला, "कोण? अन् गेली कायले होती?"

आता ते सगळं पहिल्या भागात होतं. आणि पहिला भाग मी पाहिलेला नव्हता! पण एवढ्या बायांसमोर 'मला माहीत नाही' असं म्हणायचं? गावाचा जाणकार मी! तोंडात आलं ते सांगून टाकलं. "एक गरीब बाई होती. मोलानं रोवणी कराची. मालकीण लय खराब होती. पावसात तिले एकटीलेच बांधीत पाठवलं, दिवसभर उपाशी ठेवलं. बिचारी रोवता रोवताच मेली. आता भूत होऊन आली."

बाया एकदम एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला वाटलं, वा, काय वातावरण तयार केलं! प्रत्यक्षात मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तो लागायला थोडा वेळ होता इतकंच.

मग भूत आलं. धो धो पाऊस, पांढरे कपडे, केस पुढे येऊन तोंड पूर्ण झाकलेलं, कमरेत वाकलेलं, आणि चिखलातून उलटं, पाठमोरं, एकेक पाऊल मागे टाकत आपल्याच दिशेनं येत असलेलं! आणि खर्जातला आवाज, "अभी बाकी है… अभी बाकी है…"

मी किंचाळलो. हातातला पेला उडाला आणि पाणी माझ्याच मांडीवर सांडलं. शेजारची दुसरी गोधडी गळ्यापर्यंत ओढून मी बोटांच्या फटीतून बायांकडे पाहिलं. आता कोण बेशुद्ध पडतंय याची मला काळजी होती.

कोणी पडलं नव्हतं. सगळ्या टक लावून पाहत होत्या.

"रोवून राहिली बाई," शेवंतामावशी म्हणाली.

"हाव ना," कुंदा म्हणाली. "उलटीच जाते, पाह्य. वळण चांगलं आहे."

"अहो, भूत आहे ते!" मी ओरडलो. "उलटं चालून राहिलं!"

"मंग रोवणी का समोर चालून करतेत? लावलेलं तुडवाचं का?" मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गोधडी आणखी वर ओढली. "एका ओळीत पाह्य कशी लावते. कसब आहे बाईच्या हाताले!"

"केसं बांधाले पाह्यजे होते पण."

"कोण बांधन तिचे केसं? हातात चिखल, एकटी जीव."

"गाणं बी नाही म्हणत."

"एकटीनं कोणी गाणं म्हणते का वं? गाण्याले झेलाले कोणी लागते ना," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज जड झाला. भुताच्या सिनेमात हे अपेक्षित नव्हतं. त्या कुत्र्याच्या मालकानंही असलं काही लिहिलं नव्हतं.

पुढे तर हद्दच झाली. भुतानं शेताच्या मालकाला पायाला धरून चिखलात ओढलं. लोकांच्या मतानुसार इथे थिएटरात किंकाळ्या उठतात. आमच्या घरात टाळ्या वाजल्या! "बरं झालं!" "अजून ओढ!" "मालकीण कुठी आहे? तिले पयले धर!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मायचा होता. ती स्वयंपाकघरातून चहाचं भांडं घेऊन आली होती आणि दारातच उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. "असल्या मालकिणीले किडे पडन, किडे! कामाच्या बाईले उपाशी ठेवते म्हणजे का?"

सिनेमा संपला. भूत पावसात उलटं उलटं जात तळ्यात उतरलं आणि पाण्यातून आवाज आला, "अभी बाकी है." (म्हणजे तिसरा भागही येणार.) बाया नाक ओढत बसल्या होत्या. मी खिडकीची गोधडी काढली, दार उघडलं. माय चहा गाळता गाळता म्हणाली, "मंग शेवंता, उद्या किती वाजता येता?"

शेवंतामावशीनं चहाला हात लावला नाही.

"वैनी, एक विचारू? मागच्या साली रोवणी सरली, तं शेवटच्या दिवशी आमाले जेवण देल्लं होतं का तुमी?"

रोवणी संपली की शेवटच्या दिवशी मालकानं बायांना पोटभर जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. ती मोडली की बाया बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

मायच्या हातातली गाळणी थांबली. "अवं, मागच्या साली पाणी किती होतं! चूल पेटली नाही, म्हणून…"

"जपानच्या मालकिणीनं बी हेच म्हणलं असन," मावशी उठत म्हणाली. "पाणी तिथी बी होतं. आमी सबन पायलं आता."

"शेवंता!"

"उद्याचं जमते का नाही, पाहतो."

आणि सगळ्या बाया रांगेनं निघून गेल्या. भरलेले कप तसेच राहिले. माय दारापर्यंत गेली. मग माझ्याकडे वळली.

"मन्या, गावातले भूत मेले होते का रे? जपानवरून काहून आणलं?"

"माय, मी का केलं?"

"तुह्या भुतानं माह्या बाया नेल्या!"

ती रडली. सिनेमात रडली तसं नाही, खरंच रडली. वर्षभराचं बहुतेक धान त्या एका बांधीवर होतं, आणि इतके दिवस दुसऱ्याच्या दारात बसून तिनं मिळवलेला शब्द माझ्या करमणुकीपायी गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तडक शेवंतामावशीच्या घरी गेलो. "मावशी, तो सिनेमा होय. खरं नसते ते."

"खरं नसते तं तू कायले ओरडला?"

 मी दुसरी बाजू धरली. "अन् मावशी, ती बाई काही तितकी चांगली नव्हती. भूत होतं ना ते. खराबच असन."

मावशी ताडकन उभी राहिली. "मेल्या बाईवर आळ घेतं? जिवतीच्या दिवशी? जाय घरी!"

सकाळी माय, ज्योत्स्ना आणि मी असे तिघेच बांधीवर गेलो. बारीक पाऊस होता. मायनं मला पांढऱ्या प्लास्टिकची खोळ दिली, ती मी अंगावर घेतली. "डोकं भिजलं तं आठ दिवस शिंकत राहाल," म्हणून ज्योत्स्नानं तिची काळी ओढणी माझ्या डोक्याला गुंडाळली. तिची टोकं तोंडावर लोंबत होती, पण दोन्ही हात चिखलात असल्यावर टोकं कोण सावरणार? मी शाळेत असताना रोवणी केली होती, असं मला आठवत होतं. मायला तसं आठवत नव्हतं. पण तिनं पऱ्ह्यांची पेंढी माझ्या हातात दिली.

वाकायचं, लावायचं, मागे सरकायचं. वाकायचं, लावायचं, मागे सरकायचं. सिनेमात भूत हे किती सहज करत होतं! माझी ओळ मात्र धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, निघाली आणि तळ्याकडे वळली. ज्योत्स्ना म्हणाली, "अवो, ही रोवणी होय का नागमोडी रांगोळी?" थोड्या वेळानं पऱ्हे संपले म्हणून त्या दोघी पलीकडच्या तुकड्यात आणखी उपटायला गेल्या, आणि बांधीत मी एकटा उरलो. तेवढ्यात कमरेत एक कळ निघाली. कट्! मी उभा राहायला गेलो, तर होता येईना. खाली बसायला गेलो, तर चिखल. फक्त मागे जाता येत होतं. म्हणून मी तसाच वाकलेला, हळूहळू उलटा, कण्हत कण्हत धुऱ्याकडे निघालो. "आऽऽई… आऽऽई…"

धुऱ्यावर बायांचे आवाज आले आणि एकदम थांबले. शेवंतामावशीची टोळी दुसऱ्या कोणाच्या शेतात निघाली होती, वाट आमच्याच धुऱ्यावरून होती. मला मान वर करता येत नव्हती. पायांमधून उलटं पाहिलं तर फक्त त्यांची पावलं दिसली.

"मावशी," कुंदाचा आवाज आला, दबलेला. "ते पाह्य. पांढरे कपडे. केसं तोंडावर. उलटीच येते. आली, मावशी! जपानवरून आली!"

आता कोणी पळेल, कोणी दगड मारेल, असं मला वाटलं. 

शेवंतामावशी दोन पावलं पुढे आली आणि अगदी हळू, सासरहून आलेल्या लेकीला विचारावं तसं, विचारलं, "जेवली का, बाई?"

देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला काय झालं ते कळलं नाही. कंबर दुखत होती, पोटात काही नव्हतं, कालपासून कोणी माझ्याशी नीट बोललं नव्हतं. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो भुतालाही शोभला असता.

"नाऽऽही…!"

"पायलं? मी का म्हणत होतो!" मावशी ओरडली. "डबा काढ वं कुंदे! उपाशीच आहे अजून!" आणि ती सरळ चिखलात उतरली. बाकीच्याही उतरल्या. एकीनं माझा हात धरला, एकीनं केस मागे सारायला म्हणून ओढणी ओढली. ती हातात आली.

"अगे माय! हा तं मनोज!"

 मग ज्या काही हसल्या! एक बाई हसता हसता चिखलात बसली. मी वाकलेलाच. त्यांनी मला पऱ्ह्याच्या पेंढीसारखं उचलून धुऱ्यावर आडवं टाकलं, आणि मावशीनं तरीही डबा उघडला. उपाशी माणूस उपाशीच, तो जपानचा असो का आंधळगावचा. भात आणि लाखोरीचं वरण तिनं स्वतःच्या हातानं मला भरवलं.

पेंढ्या घेऊन माय आणि ज्योत्स्ना परत आल्या तेव्हा हे दृश्य होतं. माय थांबली. मावशीचा हात माझ्या तोंडापाशी थांबला.  माझ्या तोंडात घास होता, नाहीतर मी काहीतरी बोलून पुन्हा बिघडवलं असतं.

मायनं पेंढ्या खाली ठेवल्या. "शेवंता," ती म्हणाली, "मागच्या साली चुकलंच माह्यं. चूल पेटली नाही, तं दुसऱ्याच्या चुलीवर करता आलं असतं. यंदा जेवण देतो. आभाळ पडलं तरी देतो."

मावशीनं वरणाचा हात धुतला, पदर खोचला आणि टोळीकडे वळून म्हणाली, "त्या शेतवाल्याले निरोप धाडा, उद्या येतो म्हणा. उतरा वं सगळ्या. अन् पयले त्या मनोजनं लावलेलं उपटा."

बांधी रोवून झाली. रोवणी सरली त्या दिवशी मायनं वडे, पुऱ्या, कढी आणि तांदळाची खीर केली. धुऱ्यावर पंगत बसली. शेवंतामावशीनं एक पान वेगळं वाढलं आणि तळ्याच्या काठावर नेऊन ठेवलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"तिचं," मावशी म्हणाली. "तिले कोणी देल्लं नाही ना." माय पुढे झाली आणि त्या पानावर आणखी एक वडा वाढून आली.

मला भरून आलं. खोटं सांगून एवढं खरं पदरात पडावं, ही माझी लायकी नव्हती.

पुढे मी तो पहिला भाग पाहिला. भर दुपारी, दुकानात, शटर पूर्ण उघडं ठेवून. आणि माझे हातपाय गार पडले, पण भुतामुळे नाही. ती बाई मजूर नव्हतीच! तीच मालकीण होती. मजुरांना उपाशी ठेवायची, म्हणून तिला शाप मिळाला होता की बांधी पुरी होईपर्यंत रोवत राहा. शेवंतामावशीच्या दारात मी त्या बाईवर जो आळ घेतला होता, तो एकदम खरा होता. हे मी आंधळगावात कोणालाही सांगितलेलं नाही, आणि ग्रुपवर 'पहिला भाग अत्यंत टुकार, कोणीही पाहू नये' असं मत टाकून ठेवलं आहे. अंगठे बरेच आले.

गावात ती कमरेची गोष्ट पसरायची ती पसरलीच. दुकानासमोरून जाणारे मला 'का गा, जपानी भूत!' अशी हाक मारायला लागले. हे नाव आता जन्मभर चिकटतं की काय, असं मला वाटायला लागलं. पण शेवंतामावशीच्या कानावर ते गेलं आणि तिनं भर बाजारात सगळ्यांना दटावून ते बंद पाडलं. मी मनोमन तिचे पाय धरले. मग ती काय म्हणाली ते ज्योत्स्नानं घरी येऊन मला सांगितलं.

"त्याले भूत नोका म्हणू," मावशी म्हणाली होती. "त्या बाईले रोवता येत होतं."